पाइनचा पराग: जखमेवरची पूड की पुरुषांचे टॉनिक?

वसंतात पाइनच्या फांद्यांच्या टोकांशी पिवळे नर-शंकू झुपक्याने येतात. चीनमध्ये ते पुरते उमलायच्या आत खुडतात, वाळवतात, झटकतात आणि चाळतात. हाती येते ती फिकट पिवळी भुकटी, 'सोंगह्वाफन'. फुंकरीसरशी उडणारी, बोटांत चोळली तर गुळगुळीत लागणारी, पाण्यात टाकली तरी न बुडणारी. चीनच्या अधिकृत औषधकोशात अस्सल मालाची ओळख म्हणून हीच लक्षणे दिली आहेत. वाऱ्यावर दूर जाता यावे म्हणून पाइनच्या प्रत्येक परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. भुकटी तरंगते त्यामागे त्याही आहेत.

इ.स. ६५९ मध्ये चीनच्या थांग राजघराण्याच्या दरबाराने करवून घेतलेल्या औषधग्रंथात ही भुकटी मद्यासोबत घ्यायला सांगितली आहे. १५७८ मध्ये आपला प्रचंड औषधग्रंथ पुरा करणारा चिनी वैद्य ली शिझेन तिला रक्तस्राव थांबवणारी म्हणतो. लोक ती पांढऱ्या साखरेत कालवून, साच्यात दाबून वड्या करतात आणि त्या फार दिवस टिकत नाहीत, हेही तो नोंदवतो. औषधाच्या ग्रंथात खाऊची अशी तक्रार वाचायला मजा येते.

आजचा औषधकोश तिला गोड चवीची, उष्ण प्रकृतीची मानतो आणि काम नेमून देतो ते बाहेरून लावायचे: रक्त येणारी जखम, इसब, पाणी सुटणारे फोड, ओलसर सोललेली त्वचा. तान्ह्या बाळांच्या लंगोटाच्या जागी उठणाऱ्या पुरळावरही ती भुरभुरवतात. मोठ्या, काटेकोर चाचण्या यावर फारशा नाहीत. पण बारीक, कोरडी, घर्षण कमी करणारी पूड अशा त्वचेला आराम देत असेल, हे पटण्याजोगे आहे.

पटत नाही ते हीच भुकटी 'नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन', म्हणजे पुरुषी हार्मोन, म्हणून ऑनलाइन विकणे. मुळात दावा हवेतला नाही. १९७१ मध्ये युरोपातल्या स्कॉट्स पाइनच्या परागात टेस्टोस्टेरॉन खरोखरच सापडले. पण किती? १० ग्रॅम परागात एक मायक्रोग्रॅमही नाही. निरोगी पुरुषाचे शरीर रोज काही हजार मायक्रोग्रॅम तयार करते, आणि तोंडावाटे घेतलेले टेस्टोस्टेरॉन यकृत बहुतांशी वाटेतच निकामी करते. चमचाभर पराग खाऊन मिशा दाट होण्याची आशा सोडलेली बरी.

डब्यांवर 'कवच फोडलेला पराग' असेही छापलेले असते. ते कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे. खडक विरघळवणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लातही ते टिकते, म्हणून तर कोट्यवधी वर्षांपूर्वीचे परागकण अभ्यासाला मिळतात. दळून ते फोडले की आतली प्रथिने पचनाला मोकळी होतात, एवढे मान्य. हार्मोनचा हिशेब मात्र त्याने बदलत नाही.

पाइनचा पराग इतर अनेक परागांच्या मानाने कमी त्रासदायक असला, तरी ॲलर्जी होतच नाही असे नाही. परागाने दमा उसळणाऱ्यांनी ही भुकटी खाऊ नये, आणि बाळाच्या अंगावर लावताना ती त्याच्या नाकातोंडापासून लांब ठेवावी.