अविवाहित, भिन्नदेशीय पालकांच्या मुलाचे नागरिकत्व व पासपोर्ट (नाशिक)

आई एका देशाची, वडील दुसऱ्या देशाचे आणि दोघांचे लग्न झालेले नाही, अशा मुलाचे नागरिकत्व कोणते आणि त्याचा पासपोर्ट कसा निघतो, हा या नोंदीचा विषय. भारतापुरते त्याचे उत्तर नागरिकत्व अधिनियम, १९५५ आणि पासपोर्ट अधिनियम, १९६७ यांत आहे. देशभर वाटल्या जाणाऱ्या पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. पुस्तिका गावातली म्हणून गावकऱ्यांना ती लवकर मिळते, असे मात्र नाही. नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात दिलेला अर्ज मुंबईच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत जातो.

जन्म नाशिकचा असेल तर

घरच्यांची पहिली धास्ती लग्नाच्या दाखल्याची असते. ती अनाठायी आहे. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे कलम ३ आई-वडील कोण हे पाहते, त्यांचे लग्न झाले का हे विचारत नाही. खरी अट आहे ती जन्मतारखेची. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले मूल, राजदूतांची मुले असे काही अपवाद सोडले तर, पालक कुठलेही असोत, भारतीयच. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून त्यात आणखी एक अट आली: एक पालक भारतीय असेल तर दुसरा, मुलाच्या जन्मावेळी, ‘अवैध स्थलांतरित’ नसावा.

गोची होते ती याच अटीने. अवैध स्थलांतरित म्हणजे चोरून सीमा ओलांडणारा, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण रीतसर व्हिसावर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत बसते. समजा, इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात शिबिरासाठी आलेला एखादा परदेशी पुढे नाशिकला राहिला, इथल्या मुलीशी त्याचे जमले आणि मूल जन्मले त्या दिवशी त्याचा व्हिसा संपून महिना झालेला होता. आई जन्माने भारतीय, मूलही नाशिकच्याच दवाखान्यात झालेले, तरी कलम ३ प्रमाणे ते भारतीय ठरत नाही. व्हिसा नंतर वाढवून घेतला तरी अट जन्मक्षणाची आहे. म्हणून बाळाच्या कागदांच्या फायलीत बापाच्या व्हिसाच्या पानाची आणि मुक्कामाच्या परवान्याची प्रत जपून ठेवणे हे बारशाच्या तयारीइतकेच महत्त्वाचे. परदेशी पालकाकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असेल तर ही अडचण सहसा येत नाही. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. कार्डधारक परदेशी नागरिकच असतो, पण त्याचा इथला मुक्काम कायदेशीर असतो.

जन्माचा दाखला

महानगरपालिका हद्दीतला जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो आणि दवाखान्यातला जन्म दवाखानाच कळवतो. तिथल्या फॉर्मवर घाईघाईत जे लिहिले जाते तेच दाखल्यावर उतरते. वडिलांचे नाव लिहायचे का, परदेशी नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, हे प्रसूतीच्या धावपळीत कोणी पाहत नाही. पुढे दुरुस्तीसाठी पालिकेच्या विभागीय कार्यालयात खेटे घालावे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो.

वडिलांचे नाव द्यायचे नसेल तर अविवाहित आईला ते सांगण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये दिल्लीतील एका आईच्या प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट केल्या: अविवाहित आई वडिलांना नोटीस न देता एकटी पालक म्हणून नेमली जाऊ शकते; आणि आईने प्रतिज्ञापत्र दिल्यास मुलाचा जन्मदाखला द्यावा लागतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसारही विवाहबाह्य मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर वडील. वडील भारतीय आणि आई परदेशी असेल तेव्हा आजीआजोबांना हा क्रम अनेकदा धक्का देतो.

आणखी एक खाच. आईचे पूर्वी कोणाशी लग्न झाले असेल आणि घटस्फोट अजून झालेला नसेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय पुरावा कायदा) ते लग्न टिकून असताना जन्मलेले मूल नवऱ्याचे मानतो. ब्रिटिश कायदाही आईच्या नवऱ्यालाच बाप धरतो. खरा बाप दाखल्यावर आणायचा तर आधी कोर्टाची पायरी चढावी लागू शकते.

पासपोर्टचा अर्ज

डिसेंबर २०१६ पासून अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते आणि लग्नाचा दाखला मागितला जात नाही. जोडपत्रे, म्हणजे अर्जासोबत द्यायची ठराविक नमुन्यातली निवेदने, साध्या कागदावर स्वयंघोषणा म्हणून घेतली जातात. नोटरी लागत नाही. नाशिकरोडच्या त्याच प्रेसमध्ये मुद्रांक कागदही छापले जातात, पण या कामाला त्यांची गरज उरलेली नाही. दोन्ही पालक असतील तर दोघांची संमती, एकच असेल तर तसे सांगणारे जोडपत्र. अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांसाठी किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालतो.

जन्म परदेशी असेल तर

नाशिकची मुलगी शिकायला किंवा नोकरीला गेली आणि मूल तिकडे झाले, तर नागरिकत्व अधिनियमाचे कलम ४ लागू होते. १० डिसेंबर १९९२ च्या आधी परदेशात जन्मलेल्यांना भारतीयत्व केवळ बापाकडून मिळे. त्या तारखेपासून आईकडूनही मिळते. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंद करणे आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून देणे बंधनकारक आहे. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. ज्यांनी आधी तिकडचा पासपोर्ट काढला, त्यांना बहुधा मुलासाठी ओसीआयचाच मार्ग उरतो. एक पालक भारतीय असला तरी अज्ञान मुलाला ते कार्ड मिळू शकते.

बापाच्या देशाचा कायदा

लग्न न होण्याची खरी किंमत इथे मोजावी लागते. ब्रिटनमध्ये १ जुलै २००६ पूर्वी जन्मलेल्या मुलाला अविवाहित ब्रिटिश बापाकडून आपोआप नागरिकत्व मिळत नसे; त्यानंतर जन्मलेल्यांना पितृत्व सिद्ध केल्यावर मिळते. जर्मनीत बापाने पितृत्व रीतसर कबूल करावे लागते. जपानने २००८ च्या न्यायालयीन निकालानंतर, २००९ पासून, जन्मानंतर कबूल केलेल्या मुलांनाही दार उघडले. अमेरिकी अविवाहित बापाला रक्ताच्या नात्याचा पुरावा आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पोसण्याची लेखी हमी द्यावी लागते. आई परदेशी असेल तर बहुतेक देशांत हे सोपस्कार नसतात.

मुलाला तिकडचा पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट वापरता येत नाही. नाशिकला जन्मलेल्या बाळाच्या परदेशी पासपोर्टवर भारतात प्रवेशाची नोंदच नसते, त्यामुळे मुंबईहून विमानात बसण्याआधी परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडून बाहेर पडण्याचा परवाना घ्यावा लागतो. तिकिटे काढून झाल्यावर ही गोष्ट कळणारे आई-बाप पुष्कळ.