शब्दपेटी वापरायला घेण्याआधी

इंग्रजी शब्द शिकण्यासाठीच्या या पेटीत ६०० कार्डं आहेत. ३०० छापील, ३०० कोरी. अर्धी पेटी कोरीच का, असं वाटणं साहजिक आहे, म्हणून आधी तेच सांगतो. छापील कार्डं वळण लावण्यासाठी आहेत: वाक्य केवढं असावं, गाळलेली जागा कुठे असावी, मागे काय लिहावं. शब्द कायमचा बसतो तो मात्र तुम्ही स्वतः लिहिलेल्या कार्डावर.

घरातल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून या पत्रकात इंग्रजी शब्द देवनागरीत छापले आहेत. कार्डावर मात्र रोमन स्पेलिंगच लिहा. का, ते नाशिककरांना एका शब्दात कळेल: वाइन. व्हीने सुरू होणारी वाइन म्हणजे द्राक्षाची वेल, डब्ल्यूने सुरू होणारी वाइन म्हणजे पेय. देवनागरीत दोन्ही सारख्याच दिसतात आणि आपल्या तोंडीही एकच होतात. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. डब्ल्यू म्हणताना दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. आपला व या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे, म्हणून अशा जोड्यांच्या कार्डावर पहिल्या अक्षराभोवती लाल पेनाने गोल करा.

नुसता अर्थ कुठे अडतो

'अफोर्ड म्हणजे परवडणे' असं वहीत लिहिलं, तर अर्थ बरोबरच आहे. पण मराठीत वस्तू परवडते आणि माणसाला 'ला' लागतो: हा फ्लॅट मला परवडत नाही. इंग्रजीत माणूस कर्ता होतो. त्यामुळे फक्त अर्थ पाठ केलेला विद्यार्थी बोलायला लागला की 'धिस फ्लॅट डझ नॉट अफोर्ड मी' असं म्हणून जातो. ही चूक व्याकरणाची वाटते, पण ती शब्द शिकतानाच झालेली असते. 'लाइक'च्या बाबतीत अशी चूक सहसा होत नाही, खरं तर तिथेही मराठीत 'मला आवडतो' असंच आहे. पण 'आय लाइक मँगोज' हे अख्खं वाक्य लहानपणीच तोंडी बसलेलं असतं. प्रत्येक नव्या शब्दाला तशीच वाक्याची सोबत द्यायची, एवढ्यासाठी ही पेटी आहे.

'अफोर्ड'चं कार्ड असं होईल. पुढच्या बाजूला मराठी वाक्य: गंगापूर रोडला फ्लॅट घेणं आम्हाला परवडत नाही. त्याखाली इंग्रजी वाक्य, शब्दाच्या जागी रेघ: 'वी कान्ट ——— अ फ्लॅट ऑन गंगापूर रोड.' मागच्या बाजूला शब्द ठळक अक्षरात, उच्चाराचा जोर शब्दाच्या दुसऱ्या भागावर येतो म्हणून 'फोर्ड'खाली रेघ, आणि शब्दाचे सोबती: आधी बहुतेक वेळा कॅन, कान्ट किंवा कुड येतं, पुढे क्रियापद आलं तर टु लागतं, जसं 'वी कान्ट अफोर्ड टु वेट'. बस्स. याहून जास्त मजकूर मागे लिहिला की उजळणीच्या वेळी कोणी वाचत नाही.

पुढे मराठी आणि मागे इंग्रजी, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. इंग्रजी शब्द पाहून अर्थ ओळखणं तुलनेने सोपं असतं, आणि तेवढं जमलं की शब्द येतो असं वाटायला लागतं. बोलताना आणि लिहिताना मात्र उलटा प्रवास लागतो. तो सराव वेगळाच करावा लागतो.

वाक्य कसं लिहायचं

साधारण ६ ते १२ शब्दांचं. नवा शब्द त्यात एकच, बाकी सगळे ओळखीचे. आणि मुख्य अट ही की गाळलेल्या जागी काय येईल याचा अंदाज वाक्यावरूनच आला पाहिजे. 'शी इज रिलक्टंट' हे वाक्य बिनचूक आहे, पण उपयोगाचं नाही. तिथे हॅपी, टॉल, टायर्ड काहीही बसतं. त्याऐवजी हे बघा: 'आजी वॉज रिलक्टंट टु लीव्ह पंचवटी, बट द वाडा वॉज लीकिंग.' वाडा गळतोय तरी आजीचा पाय निघत नाही, म्हणजे रिलक्टंटचा अर्थ 'मन तयार नसलेली' हे शब्दकोश न उघडताही कळतं. पुढे टु आणि क्रियापद येतं हेही त्याच वाक्यात शिकून होतं. आजी, वाडा, पंचवटी हे शब्द तसेच राहू द्या. ओळखीचं चित्र डोळ्यासमोर आलं की शब्द लवकर आठवतो.

स्वतःचं वाक्य कार्डावर उतरवण्याआधी एकदा ताडून मात्र बघा. मराठीत पाऊस जोराचा आणि चहा कडक. ते शब्दशः नेले तर 'स्ट्राँग रेन' आणि 'हार्ड टी' होतं, आणि दोन्ही चूक. पाऊस हेवी, चहा स्ट्राँग. तसंच आपण एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' तोंडात येतं; डिस्कसला अबाउट लागत नाही. कोणाशी लग्न झालं म्हणून 'मॅरीड विथ' म्हणतो. तिथे टु हवं. हे ताडायला इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेला कोश वापरा, ज्यात प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाची वाक्यं असतात. साध्या इंग्रजी-मराठी कोशात बहुधा प्रतिशब्दच मिळतात.

एका कार्डावर एकच अर्थ. द्राक्षबागेतल्यांना लागणारा 'प्रून' घ्या. क्रियापद म्हणून अर्थ छाटणी करणे: 'द फार्मर्स प्रून द वाइन्स इन ऑक्टोबर.' नाम म्हणून प्रून म्हणजे सुकवलेलं प्लम. दोन्ही एकाच कार्डावर लिहिले तर दोन्ही अर्धवट राहतात. आधी तुमच्या कामाचा अर्थ, दुसरा नंतर कधीतरी, वेगळ्या कार्डावर.

आणि मराठीत जिथे एक शब्द आहे पण इंग्रजीत दोन-तीन, तिथे घाई नको. 'उसने' शब्दाला आपण घेणे किंवा देणे जोडतो आणि काम होतं. इंग्रजीत घ्यायला बॉरो, द्यायला लेंड. 'बघणे' एकच, तिकडे सी, लुक, वॉच. अशा जोड्या एकाच दिवशी शिकल्या की त्या एकमेकींत गुंततात आणि मग दोन्ही सुटतात. बॉरो पेटीच्या तिसऱ्या कप्प्यात पोचला (कप्प्यांचं पुढे सांगितलं आहे) की मगच लेंडचं कार्ड लिहा. ॲफेक्ट आणि इफेक्ट, ॲडॉप्ट आणि ॲडॅप्ट यांनाही हाच नियम.

ओळखीच्या इंग्रजी शब्दांचीही कार्डं करा, कारण मराठीत रुळताना काहींचे अर्थ सरकले आहेत. आपण मिसळ खायला हॉटेलात जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, मिसळीचं ते रेस्टॉरंट. सातपूर-अंबडच्या कंपनीत मुलाखतीला 'आय पास्ड आउट इन २०२२' चालून जाईल, पण परदेशी ग्राहकाला त्याचा अर्थ 'माझी शुद्ध हरपली' असा लागू शकतो. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.

कोणते शब्द आधी

अवघड शब्दांच्या याद्यांचा मोह आवरा. इंग्रजीचे शिक्षक आणि कोशकार मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये रोजच्या वापरातल्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. आज त्यातले काही शब्द जुने वाटतात, पण हिशेब तोच आहे: पहिले दोन हजार पक्के नसतील तर पुढचे टिकत नाहीत. छापील ३०० कार्डं याच थरातली आहेत. त्यानंतर कॉलेजच्या पुस्तकांसाठी भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची यादी उपयोगी पडते. तिच्यात ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट, आहेत. दुकान, बाग, कारखाना, दवाखाना असं तुमचं काम असेल, तर कोरी कार्डं तिथल्या शब्दांना द्या.

पाच कप्पे

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले: विसरणं सुरुवातीला सगळ्यात जास्त, मग मंद होत जातं. म्हणून पहिल्या उजळण्या जवळजवळ आणि नंतरच्या लांब लांब हव्यात. कार्डं आणि कप्प्यांची पद्धत विज्ञान-पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. या पेटीतली अंतरं १, ३, ७, १५ आणि ३० दिवस अशी ठेवली आहेत.

नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. कार्ड ठेवताना कोपऱ्यात पुढची तारीख पेन्सिलने लिहा आणि ते कप्प्याच्या मागच्या टोकाला ठेवा. एका कप्प्याचं अंतर एकच असल्यामुळे तारखा आपोआप क्रमाने लागतात, रोज फक्त पुढची कार्डं पाहायची. एकदाही न चुकलेलं कार्ड ५६ दिवसांनी पेटीबाहेर पडतं.

रोज ५ नवी कार्डं पुरेत. कप्पे भरल्यावर उजळणीची साधारण २५ ते ३५ कार्डं होतात, १५-२० मिनिटांचं काम. पाचवीच्या आतल्या मुलांना रोज ३ द्या, आणि वाक्य त्यांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कार्ड लवकर उलटल्यामुळे. उत्तर दिसलं की 'येतच होतं मला' असं वाटतं. शब्द मोठ्याने म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही, आणि ओठांवर होता पण आला नाही तर तो चुकलाच धरायचा.

पहिल्या दोन दिवसांच्या उत्साहात ४० कार्डं लिहिली जातात आणि आठवड्याने उजळणीचा ढीग होतो. पहिल्या कप्प्यात ३० पेक्षा जास्त कार्डं झाली की नवी थांबवा. लग्नसराई, परीक्षा, गावाला जाणं यामुळे खंड पडला, तर साचलेलं एका बैठकीत संपवू नका. रोज ३० कार्डं, पहिल्या कप्प्यापासून. तोवर नवं काही नाही.

एकच कार्ड चार वेळा चुकलं तर दोष वाक्यात शोधा. बहुधा ते फार मोठं असतं, किंवा त्यात दुसराही शब्द अनोळखी असतो. कार्ड फाडून नवं वाक्य लिहा.

बाहेर पडलेली कार्डं ५०-५० च्या गठ्ठ्याने रबर लावून ठेवा. तीन महिन्यांनी त्यातली कुठलीही १० काढून पाहा; सुटलेली असतील तेवढीच पुन्हा पहिल्या कप्प्यात. कार्डाचा आकार ३ बाय ५ इंच आहे, त्यामुळे स्टेशनरीच्या दुकानातली त्याच मापाची कार्डंही पेटीत बसतात. रेघा नसलेली घ्या आणि बॉलपेन वापरा. शाईपेनाची शाई पाठीमागे उमटते आणि उत्तर आधीच दिसतं.