गोडाची चव नसलेल्या प्राण्याचा मधुमेह

"लाडानं गोड खाऊ घातलं असणार तुम्ही." आमच्या तेरा वर्षांच्या बोक्याला मधुमेह निघाला तेव्हा हे वाक्य मला निदान चौघांनी ऐकवलं. बोका जन्मात कधी गोडाच्या वाटेला गेला नव्हता, आणि गेला असता तरी त्याला ते कळलं नसतं. गोड ओळखणारा जिभेवरचा ग्राहक (रिसेप्टर) दोन प्रथिनांच्या जोडीनं बनतो. त्यातल्या एकाचं जनुक मांजरात मोडकं आहे, त्यातली डीएनएची 247 अक्षरं गळून गेली आहेत. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी हे 2005 साली दाखवलं, आणि वाघ-चित्त्यांतही तोच बिघाड सापडला. थोडक्यात, मिठाईचा डबा उघडा राहिला तरी या मंडळींना त्याचं काही नसतं.

मग मधुमेह कशानं? कुत्र्यांचा मधुमेह बहुधा माणसाच्या टाइप 1 च्या (इन्सुलिनच बनेनासं होतं त्या प्रकाराच्या) जवळचा असतो, मांजरांचा टाइप 2 च्या. वय झालेला, वजन वाढलेला, नसबंदी झालेला आणि दिवसभर लोळणारा बोका हे या आजाराचं ठरलेलं गिऱ्हाईक. शरीरातल्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, स्वादुपिंडातल्या बीटा पेशी आणखी आणखी इन्सुलिन ओतत राहतात आणि शेवटी थकतात. ‘थकतात’ असं आपण सहज म्हणून जातो, पण तिथे नेमकं काय घडतं हा मला या आजारातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो, म्हणून तिथे जरा जास्तच रेंगाळणार आहे.

बीटा पेशी इन्सुलिन एकटं सोडत नाहीत. त्याच पुडीत अमायलिन नावाचं दुसरं संप्रेरक बांधलेलं असतं, 37 अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. जठर सावकाश रिकामं करणं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवणं ही तिची कामं. 1901 साली यूजीन ओपी या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञानं मधुमेहानं मेलेल्या माणसाच्या स्वादुपिंडात, बीटा पेशी असतात नेमक्या त्याच पेशींच्या बेटांमध्ये, काचेसारखा एक पदार्थ साचलेला पाहिला. तो कशाचा बनलाय हे कळायला 1987 उजाडलं. स्वीडनमधल्या उप्साला इथे पेर वेस्टरमार्क यांच्या गटानं तो दोन ठिकाणांहून काढून तपासला: माणसातली इन्सुलिन सोडणारी एक गाठ आणि मधुमेही मांजराचं स्वादुपिंड. दोन्हीकडे एकच वस्तू निघाली, अमायलिन. म्हणजे या शोधाच्या जन्मापाशी एक आजारी मांजर हजर होतं.

आता ही साखळी का साचते? तिच्या मधल्या भागात, साधारण 20 ते 29 क्रमांकांच्या आम्लांमध्ये, एक खोड आहे. दोन साखळ्या समांतर आल्या की एकीच्या कण्यातला हायड्रोजन दुसरीच्या ऑक्सिजनला धरतो आणि गोधडीला टाके पडावेत तशा त्या एकमेकींना शिवल्या जातात. तिसरी येते, चौथी येते, आणि बघता बघता न विरघळणारा तंतू तयार होतो. उंदरांचं अमायलिन जवळपास असंच आहे, पण 25, 28 आणि 29 या जागांवर त्यांच्याकडे प्रोलिन हे आम्ल असतं. प्रोलिनची बाजूची शाखा वळून स्वतःच्याच कण्याला जोडलेली असते. त्यामुळे टाका घालायला लागणारा हायड्रोजन त्याच्याकडे उरत नाही आणि कणाही हवा तसा सरळ होत नाही. गोधडी शिवलीच जात नाही! म्हणून प्रयोगशाळेतल्या उंदरांत हा साठा घडवायला माणसाचं जनुक घालावं लागलं. मांजराला ते दुखणं आपसूक मिळालेलं आहे. पुढे औषधकर्त्यांनी हीच युक्ती उचलली. माणसाच्या अमायलिनमध्ये उंदराचे तीन प्रोलिन बसवून बनवलेलं प्रामलिंटाइड 2005 साली अमेरिकेत मधुमेहींसाठी मंजूर झालं.

साठा म्हातारपणी धडधाकट मांजरांतही दिसतो, तेव्हा सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. पण जास्त इन्सुलिन म्हणजे जास्त अमायलिन, या गणितातून सुटका नाही. आणि एकदा बसलेला साठा हटत नाही.

थकण्याचा दुसरा भाग मात्र उलटवता येतो, आणि कमी पैशात हा आजार सांभाळणाऱ्यानं तोच धरून ठेवावा. रक्तातली साखर फार काळ चढी राहिली की त्या साखरेनंच बीटा पेशी गप्प होतात. बाहेरून इन्सुलिन देऊन साखर उतरवली की त्यांना विसावा मिळतो, आणि सुरुवातीलाच नीट उपचार झालेल्या काही मांजरांचं इन्सुलिन पुढे बंदही होतं. त्यात कधी कधी आजार परततो, पण तोपर्यंतचे महिने पदरात पडलेले असतात. उशीर आधीच झालेला असतो हेही खरं. रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण 180 मिलिग्रॅमपुढे गेली की माणसाच्या लघवीत उतरते, मांजराच्या 250 च्याही पुढे. ती उतरताना पाणीही ओढून नेते आणि तहान वाढते, म्हणजे पाण्याचं भांडं रिकामं दिसू लागतं तेव्हा साखर बऱ्याच दिवसांची चढलेली असते.

म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांत हात आखडता घेऊ नये. आणि इन्सुलिन पुरवून वापरणं ही काटकसर नव्हे. तसंही ते मांजराला फार लागत नाही. सुरुवात बहुधा दिवसातून दोनदा एकेक युनिटच्या आसपास होते, म्हणजे महिन्याला 60 युनिट. ग्लार्जिन या सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनच्या तीन मिलिलिटरच्या काडतुसात 300 असतात. वेष्टनावर उघडल्यापासून 28 दिवस लिहिलेलं असतं. फ्रिजमध्ये ठेवलेलं, स्वच्छ दिसणारं औषध बरेच पशुवैद्य त्यापुढेही वापरू देतात, तेव्हा फेकण्याआधी विचारावं. एका ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला 40 आणि 100 युनिट अशा दोन तीव्रतांत येतं आणि सिरिंजही तशाच दोन. शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये एका खुणेपर्यंत भरलं तर अडीच युनिट जातात. मांजर झोकांड्या खाऊ लागलं, झटके आले, तर हिरड्यांना साखरेचं पाणी चोळून तडक दवाखाना. ते जेवलंच नसेल तर सुई टोचण्याआधी फोन.

खरी बचत घरच्या तपासणीत आहे. पिंजऱ्यात घालून नेलेल्या घाबरलेल्या मांजराची साखर भीतीनंच 300 वर जाऊ शकते. त्या आकड्यावर मात्रा ठरवणं म्हणजे भूत बघून नाडी मोजण्यासारखं. कोमट पाण्यात पिळलेला कपडा कानाला अर्धा मिनिट धरायचा, कानाच्या कडेनं जाणारी बारीक शीर फुगते, तिच्या बाजूला सुई लावायची. मोहरीएवढा थेंब येतो. पहिल्या दिवशी माझाच हात थरथरत होता, बोका जांभई देत होता.

माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, पण तो आकडा कमी दाखवतो. आपल्या रक्तात बरंच ग्लुकोज लाल पेशींच्या आत असतं, फक्त सुमारे 58 टक्के प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात. मांजरात सुमारे 93 टक्के प्लाझ्मात. यंत्राचं गणित माणसाच्या हिशोबानं बसवलेलं, म्हणून चूक. एकच यंत्र कायम वापरावं, ते कोणतं हे पशुवैद्याला सांगावं, आणि एकट्या आकड्यापेक्षा चढउतार बघावा.

खाण्याचं थोडक्यात: कोरड्या दाण्यांना आकार यायला पिष्ट लागतंच, म्हणून डब्यातलं ओलं खाणं बरं. ‘मधुमेहींसाठी’ असा महाग शिक्का हवाच असं नाही. डब्यावरचे प्रथिनं, मेद, पाणी, तंतू (फायबर) आणि राख यांचे टक्के बेरजेला धरून शंभरातून वजा करा, उरतं ते कर्बोदक. खाणं बदललं की इन्सुलिनची गरज उतरते, तेव्हा पशुवैद्याला न सांगता बदलू नये. आणि लठ्ठ मांजराला उपाशी ठेवून बारीक करू नये, त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेततं.

‘नैसर्गिक’ थेंब आणि चूर्णं विकणारे भेटतात. त्यांचा खर्च एका जागी लिहून काढला तर त्यात ग्लुकोमीटरच्या कितीतरी पट्ट्या येतील. तोंडानं द्यायची औषधं खरोखर आली आहेत, अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला 2022 मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन या द्रवाला 2023 मध्ये मंजुरी मिळाली. पण ती घेताना साखर ठीक दिसत असूनही रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून मांजर दगावू शकतं, आणि ती अमेरिकी मंजुरी आधी इन्सुलिन घेतलेल्यांसाठी नाही. सुई टळली, तपासण्या टळल्या नाहीत.

आमचा बोका निदानाच्या वेळी मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालायचा. साखरेनं नसा दुखावल्या की असं होतं. आता चार महिने झाले. अजून दोन वेळा सुई आहे, शी-शूच्या वाळूतले ओले गोळे निम्मे झाले आहेत, आणि काल तो ओट्यावर उडी मारताना चुकला, पण मारली.