आधी ‘कुठं?’, मग ‘कोणी?’

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत डिपिंग चाललं होतं. ऑक्टोबर छाटणीनंतर मणी ज्वारीएवढे झाले की ते फुगावेत म्हणून प्रत्येक घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात. सुरगाण्याकडची बायकांची टोळी हातात मग घेऊन ओळीओळीनं पुढं सरकत होती. मध्येच एक पोरगी थांबली. “मावशी, मागचे काही घड राहिले वाटतं. बोलता बोलता पुढं आले.”

मुकादमबाई वळल्या. “कुठपासून?”

एवढंच. पोरीनं वेल दाखवला, दोघी मागं गेल्या, कोरडे घड शोधून बुडवले. ओल्या घडांना पुन्हा हात लावला नाही, कारण मात्रा दुप्पट झाली तर तेही नुकसानच.

मला सातपूरच्या कारखान्यातली माझी पहिली सुपरवायझरकी आठवली. बिघडलेला जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला सुटा भाग, दिसला की माझा प्रश्न ठरलेला असायचा: “कोणाचा जॉब आहे हा?” दोन महिन्यांत माझ्या शिफ्टचं रिजेक्शन सगळ्यांत कमी झालं आणि मी कॉलर ताठ करून फिरू लागलो. मग ग्राहकाकडून आख्खी लॉट परत आली. बाद मालाच्या लाल पेटीत पडायला हवे होते ते जॉब पोरांनी चांगल्या मालात सरकवले होते.

माझ्या या फजितीचं उत्तर एका अभ्यासात आहे, हे फार नंतर कळलं. अमेरिकेत अ‍ॅमी एडमंडसन या संशोधिकेनं रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या गटांत चुका कमी असतील, हा तिचा साधा अंदाज. आकडे उलटे आले. ज्या गटांचं नेतृत्व आणि आपसातलं नातं चांगलं, तिथंच चुकांची नोंद जास्त! उलगडा असा, की तिथं चुका जास्त होत असतील असं नाही. त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. बाकीच्या गटांत त्या दबून राहत. हा अभ्यास 1996 मध्ये छापून आला. पुढं 1999 मध्ये तिनं एका उत्पादन कंपनीतले 51 गट तपासले. जिथं चूक कबूल करायला माणूस बिचकत नाही, तिथले गट जास्त शिकतात आणि कामही चांगलं करतात, असं त्यात दिसलं.

बरं, मुकादमबाईंचं हे वागणं अंगचंच म्हणायचं का? पुरुष जुळ्यांच्या एका अभ्यासानुसार, नेतृत्वाच्या जागेवर कोण पोचतं यातल्या फरकापैकी साधारण 30 टक्के वाटा आनुवंशिकतेचा. पण जागेवर पोचणं वेगळं आणि तिथं नीट वागणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1939 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या आयोवातला प्रयोग मला इथं जास्त बोलका वाटतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट मुखवटे वगैरे बनवत. त्यांच्यावरचे मोठे लोक कधी हुकूमशहासारखे वागत, कधी मुलांना विचारून ठरवत, तर कधी सगळं मोकाट सोडत. हुकमी गटात प्रमुख खोलीबाहेर गेला की काम ढेपाळे. विचारून चालणाऱ्या गटात ते बरंचसं सुरू राही. आणि गंमत म्हणजे, या पद्धती आलटून पालटून वठवणारी माणसं तीच होती. म्हणजे पद्धत बदलता येते.

पद्धत बदलण्याच्या या सरावाला मात्र एक अट आहे. नुसतं बोलून दाखवलं की माणूस सुधारतो, हा गैरसमज. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये कामाविषयीच्या अभिप्रायांवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलेलं दिसलं. त्यांचं स्पष्टीकरण असं: लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, की नुकसान. ‘कोणी?’ विचारलं की समोरचा स्वतःला वाचवायला लागतो, ‘कुठं?’ विचारलं की दोघंही वेलीकडं बघतात. (जीभ वळायला मला वर्ष लागलं. अजूनही तिसऱ्या शिफ्टला घसरते.)

जेवणाच्या सुट्टीत बाईंना विचारलं, तुम्ही कधीच ओरडत नाही का?

“पहिल्यांदा लई ओरडायचे,” भाकरी मोडत त्या म्हणाल्या. “मग पोरी सांगायच्याच बंद झाल्या. मालकाला कळायचं ते थेट काढणीला, घडात मणी बारीक निघाले की.”