टॉक्सोप्लाझ्माचे जनुकीय वाण

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी या एकपेशीय परजीवीची जाती जगभर एकच. तिच्यातले वाण मात्र अनेक. १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल व मांसो यांना तो गुंडी नावाच्या कुरतडणाऱ्या प्राण्यात, तर त्याच वर्षी साओ पाउलोत स्प्लेंडोरे यांना सशात आढळला. त्याचे लैंगिक पुनरुत्पादन फक्त मांजरकुळातील प्राण्यांच्या आतड्यात होते.

१९९५ मध्ये हाउ व सिब्ली यांनी उत्तर अमेरिका व युरोपातील बहुतेक नमुने तीन वाणांत बसवले : प्रकार १, २ आणि ३. कसोटी प्रयोगशाळेतल्या उंदराची होती. प्रकार १ चा एकच जिवंत परजीवी त्याला मारतो. प्रकार २ व ३ ला हजारो लागतात. १९३९ साली सिनसिनाटीच्या एका मुलाच्या मेंदूतून सेबिन यांनी मिळवलेला ‘आरएच’ नमुना प्रकार १ चाच. पुढे या मारकतेचे मूळ आरओपी १८ व आरओपी ५ या प्रथिनांत सापडले. परजीवीची ही प्रथिने उंदराच्या पेशीतील बचावाची आयआरजी प्रथिने निकामी करतात. मात्र दक्षिण भारतातून आणलेल्या ‘सीआयएम’ या रानटी घरउंदराच्या वंशात आयआरजीचे वेगळे रूप असून तो प्रकार १ ला पुरून उरतो, हे २०१३ मध्ये दिसले. म्हणजे ‘मारक’ हे विशेषण परजीवीचे जेवढे, तेवढेच यजमानाचे. माणसात ही आयआरजी यंत्रणा जवळजवळ नाहीच; त्यामुळे उंदरावरची क्रमवारी माणसाला लावणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही.

हे तीन वाण दोन-तीन पूर्वजांच्या मोजक्या संकरांतून निपजले असावेत. हा प्रसार सुमारे १०,००० वर्षांतला, शेती व पाळीव मांजरांच्या बरोबरीने झालेला, असे एक मत आहे. हा आकडा उत्परिवर्तनाचा वेग किती धरला यावर अवलंबून असल्याने तो सैल धरावा. दक्षिण अमेरिकेत वाणांची विविधता कितीतरी जास्त आहे. मूळस्थान तिकडचे, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते. २०१२ च्या वर्गीकरणात १५ गट व ६ शाखा मानल्या आहेत.

युरोपात जन्मजात (आईकडून गर्भाला होणाऱ्या) संसर्गात बहुधा प्रकार २ सापडतो. फ्रेंच गयानाच्या जंगलातील वेगळ्या वाणांनी धडधाकट प्रौढांनाही फुप्फुसांचा गंभीर आजार झाला आहे. दक्षिण ब्राझीलमध्ये दृष्टिपटलाचे व्रण फार आढळतात. भारतातील मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांत प्रकार २ व ३ मिळाले (२००३). कोईमतूरला २००४-०५ मध्ये टॉक्सोप्लाझ्माने होणाऱ्या डोळ्यांच्या आजाराची साथ आली. पाण्याच्या साठ्यावर संशय होता.

ठाणे-नवी मुंबईत घर आणि रान लागूनच आहे. येऊरला बिबट्या आणि पाड्यावरची मांजरे एकाच डोंगरावर. दिवाळ्याच्या कोळीवाड्यात जाळ्यांच्या ढिगावर मांजर, तर गल्लीत गावठी कोंबड्या. पावसाच्या पाण्यासोबत मांजरांच्या विष्ठेतील पुटी (परजीवीची अंड्यासारखी कवचबंद अवस्था) खाडीत जातात आणि पाणी गाळून खाणारी कालवे, तिसऱ्या त्या साठवू शकतात. ओहोटीला कोयत्याने फोडलेले कालव तिथेच कच्चे तोंडात टाकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. रश्शात नीट उकळलेल्या कालवाची भीती नाही. रानाच्या अशा कडेवर कोंबडी, मांजर व रानमांजर यांचे नमुने शेजारीशेजारी तपासायला हवेत.

गरोदरपणात इथे सर्रास होणाऱ्या ‘टॉर्च’ तपासणीतून (गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी) वाण कळत नाही. आयजीजी हे प्रतिपिंड आले की संसर्ग कधीतरी होऊन गेला एवढेच समजते. नव्या संसर्गात उठणारे आयजीएम प्रतिपिंडही महिनोन्‌महिने टिकू शकते. नुसत्या त्या कागदावर गर्भपाताचा विचार करणे हा बाईवर अन्याय आहे; आधी अ‍ॅव्हिडिटी (प्रतिपिंडाची पकड मोजून संसर्ग जुना की नवा हे ठरवणारी) तपासणी करावी. घरातले मांजर सोडून देण्याचेही कारण नाही. ते सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे पुटी टाकते, आणि त्या बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची घाण रोज, घरातल्या दुसऱ्या कोणी काढावी. वाण कोणताही असो, गंभीर आजारावरची मुख्य औषधे तीच : पायरिमेथॅमिन व सल्फाडायझिन, जोडीला फोलिनिक आम्ल.