सुईच्या टोकावर सापडलेला जंत

मानेवर, दंडावर किंवा छातीवर कातडीखाली गाठ हाताला लागली की मनात पहिली शंका येते ती कॅन्सरची. डॉक्टर एफएनएसी, म्हणजे बारीक सुईची तपासणी, सांगतात. २२ ते २५ गेजची बारीक सुई गाठीत घालून थोडा ऐवज ओढायचा, काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. बहुतेकदा भूलही लागत नाही. कधीकधी त्या काचपट्टीवर कॅन्सर नसतो, चरबीची गाठही नसते. असतो एखादा परजीवी, नाहीतर त्याचे अवशेष.

अवशेष म्हणायचं कारण सुईतच आहे. टीनिया सोलियम या फीतकृमीच्या अळीची पिशवी साधारण एक सेंटीमीटरची, आणि २३ गेजच्या सुईची बाहेरची जाडीच जेमतेम ०.६ मिलिमीटर. अख्खी पिशवी येणार कुठून? येतात ते नितळ पाण्याचे थेंब आणि लहरदार कडांचे पातळ पापुद्रे. अळीच्या डोक्यावरचे आकडे दिसले तर निदान पक्कंच, पण ते क्वचित हाती लागतात. अळी मरून विरघळत आली असेल तर पापुद्रेही मिळत नाहीत. मग उरतात शरीराने तिच्याविरुद्ध पाठवलेल्या पेशी: इओसिनोफिल आणि अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी. घटनास्थळावरच्या पाऊलखुणांवरून चोर ओळखावा, तसं हे काम. इओसिनोफिलांची गर्दी दिसली की अनुभवी पॅथॉलॉजिस्ट तीच काचपट्टी पुन्हा कोपऱ्यापासून बघायला घेतो. पण नुसत्या गर्दीवर शिक्कामोर्तब करता येत नाही. ॲलर्जीतही ती जमते.

या गाठी डुकराचं मांस खाल्ल्याने होतात, हा समज अर्धवट आहे. अर्धकच्च्या मांसातून पोटात जाते ती अळी, आणि तिचा आतड्यात फीतकृमी होतो. गाठी होतात त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने. ती बाधित माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीवर किंवा न धुतलेल्या हातांवर येतात. शुद्ध शाकाहारी माणसालाही गाठ होते ती यामुळेच.

हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, मात्र सुईतून सगळीच्या सगळी येतात. पाव मिलिमीटरहून थोडी लांब आणि केसाहूनही कितीतरी बारीक. अंगावर आवरण असेल आणि शेपटीच्या टोकात केंद्रकं नसतील तर ती वुचेरेरियाची. टोकाशी दोन केंद्रकं असतील तर ब्रुगिया मलयीची. अनेक भागांत ही पिल्लं रक्तात रात्रीच भरपूर सापडतात, त्यामुळे दिवसा घेतलेल्या रक्तात काहीच न दिसता गाठीतल्या सुईत ती दिसू शकतात. ती प्रथम पाहिली गेली तीही रक्तात नव्हे. १८६३ मध्ये पॅरिसचे सर्जन दमार्के यांना ती अंडवृद्धीच्या पाण्यात दिसली.

सुई हरते ती डायरोफायलेरियापुढे. हा मुळात कुत्र्यांचा जंत, डासांमार्फत माणसात येतो. गाठीत बहुधा एकटाच असतो आणि सहसा पिल्लं घालत नाही. सुई चार मिलिमीटर बाजूला गेली तरी नुसत्या सुजेच्या पेशी मिळतात. तिथे गाठ काढून तपासणंच बरं. हायडॅटिडची, म्हणजे आणखी एका फीतकृमीच्या अळीच्या पाणी भरलेल्या पिशवीची, शंका असेल तर आधी सोनोग्राफी करावी, कारण त्या पिशवीतलं पाणी सांडल्यास तीव्र ॲलर्जीचा झटका येऊ शकतो.

फीतकृमीची अळी कातडीखाली सापडली की ती आणखी कुठे आहे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. मेंदूत किंवा डोळ्यात अळ्या असताना अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध दिलं तर त्या मरताना आलेल्या सुजेने झटके येऊ शकतात, दृष्टी जाऊ शकते. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी मेंदूचं स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी करून घेतात.