पायी जगप्रदक्षिणा आणि बोटीचा घोळ

नर्मदा परिक्रमा करून आलेलं कोणी ना कोणी आपल्या ओळखीत असतंच, त्यामुळे नियम सांगत बसत नाही. मैया उजव्या हाताला, ओलांडायची नाही, बस. पण जिथे ती समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून मिठी तलाईला सगळे बोटीनेच जातात आणि तरी परिक्रमा पायीच धरली जाते, कोणी हरकत घेत नाही. हे आधी सांगायचं कारण म्हणजे खंडच्या खंड पायी तुडवणाऱ्यांच्यात मध्ये वाहन घेतलं तर फेरी पायी धरायची का असा इतकी वर्षं जो वाद चाललाय तो फिरून फिरून याच बोटीपाशी येतो.

जुना काळ झटपट उरकतो. १८०९ मध्ये इंग्लंडात न्यूमार्केटला एकाने हजार तासांत हजार मैल चालायची पैज जिंकली, दर तासाला एक मैल, म्हणजे जवळपास ४२ दिवस धड झोपच नाही. तेव्हा चालणं हा पैजेचा तमाशा होता, जगाला फेरी वगैरे नंतरचं.

१९६२ मध्ये दिल्लीहून दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध चालत निघाले, खिशात दमडी नाही कारण भूदानवाल्या बाबांनी तसंच सांगितलेलं. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन असा बेत. वाटेत सोव्हिएत जॉर्जियात चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या, चार राजधान्यांना एकेक, बटण दाबावंसं वाटलं तर आधी हा चहा करून प्या म्हणावं. अटलांटिक त्यांनी जहाजाने ओलांडला. ते रेकॉर्डसाठी निघालेच नव्हते, त्यामुळे जहाजाचा हिशोब कोणी मागितला नाही.

हिशोब सुरू झाला १९७० नंतर. मिनेसोटातले दोन भाऊ एक खेचर घेऊन निघाले, १९७२ मध्ये अफगाणिस्तानात दरोडेखोरांनी एकाला गोळ्या घातल्या, दुसराही जखमी झाला पण बरा होऊन परत तिथूनच चालायला लागला. सोव्हिएत परवानगी मिळाली नाही म्हणून भारतातून विमानाने ऑस्ट्रेलिया. तिथलं खेचर मेलं तर एका शिक्षिकेने त्याचा गाडा आपल्या मोटारीला बांधला, ती गाडी हळूहळू चालवतेय आणि हा बाजूने चालतोय (पुढे दोघांनी लग्न केलं). १९७४ मध्ये २३ हजार किमीच्या वर चालून तो घरी पोचला आणि पुराव्यानिशी पायी पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला. समुद्रावर विमान चालेल, जमिनीवर पाऊलच हवं, हा नियम असा वापरातून रुळला.

पण मग जमिनीवरचं एखादं अंतर सुटलं तर? १९९४ मध्ये एका ब्रिटिश बाईने वयाच्या सोळाव्या वर्षी सुरू केलेली फेरी ११ वर्षांत तुकड्यातुकड्याने पुरी केली, साधारण ३२ हजार किमी. दोन वर्षांनी तिनेच सांगून टाकलं की अमेरिकेतलं बरंचसं अंतर मी मदतीच्या ट्रकमध्ये बसून काढलं. तेव्हा ती विशीचीही नव्हती, दिवस गेलेले, आणि पुढच्या गावात स्पॉन्सरचे कार्यक्रम आधीच ठरलेले. माझं नाव रेकॉर्डमधून काढा असंही तिनेच सांगितलं. पेपरवाल्यांनी तिला सोलून काढलं. चूक होतीच, पण विमानाने अख्खा महासागर गेला तर चालतो आणि आजारी पोरगी ट्रकमध्ये बसली तर सगळीच फेरी खोटी, हे मला तरी अजून पचलेलं नाही.

याला कंटाळूनच की काय, १९९८ मध्ये चिलीच्या पुंता अरेनासहून निघालेल्या एका माजी ब्रिटिश सैनिकाने नियमच कडक करून टाकला. पुढे जायला कुठलंही वाहन नाही, घरी इंग्लंडात हल शहरात पोचायचं तर चालतच. मग बोटही बाद. २००६ मध्ये अलास्का आणि रशियाच्या मधली बेरिंगची सामुद्रधुनी त्याने एका जोडीदाराबरोबर तरंगत्या बर्फावरून १४ दिवसांत पार केली, मध्ये पाणी लागलं तिथे पोहून, आणि रशियात पाय ठेवताच अटक, का तर योग्य ठाण्यातून देशात आला नाहीत! त्यानंतर व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच, आणि सैबेरियाचा तो भाग गोठलेला असतानाच चालण्याजोगा, त्यामुळे वर्षंच्या वर्षं गेली. मध्ये रशियाने बंदी घातली तर हा लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनच्या रशियन वकिलातीपर्यंत चालत गेला. बंदी उठली.

२०२४ ला कॅस्पियन आडवा आला. इराण नको, रशिया नको, म्हणून कझाकस्तानहून अझरबैजानला सरळ पोहत, ३१ दिवस, रात्री सोबतच्या बोटीवर झोपायचं आणि सकाळी थांबलो तिथूनच पुढे पाण्यात. याला पायी म्हणायचं का हा प्रश्न आहेच, पण त्याचा नियम "पायी" नव्हता, "वाहन नाही" हा होता. २०२५ मध्ये तो युरोपात पोचला. शेवटी राहते इंग्लिश खाडी, आणि तिथे फेरीबोट दर थोड्या वेळाने सुटते, पण त्याला पाहिजे खालच्या रेल्वे बोगद्याशेजारचा, देखभालीसाठीचा सर्व्हिस टनेल, चालत जायच्या परवानगीसकट.